सायकलवीर आल्फ्रेदो बिंदा

वडीगोद्रीच्या पंचक्रोशींत सायकल ठाऊक नाहीं असें घर शोधूं गेल्यास तें सांपडणार नाहीं. शाळेस जाणारीं मुलें, दुधाच्या किटल्या लावून निघालेले गवळी, बाजाराच्या दिवशीं हँडलाला पिशवी अडकवून येणारे शेतकरी, ह्या सर्वांना ह्या साध्या यंत्रानें पिढ्यान्‌पिढ्या वाहिलें आहे. अलीकडे फटफट्यांची गर्दी फार झाली हें खरें. तथापि सायकलीचा मान अगदींच गेला असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून ह्या ज्युबिलीच्या स्मरणिकेंत संतांचीं व मिशनरी फादरांचीं चरित्रें वाचून झाल्यावर वाचकांनीं एका सायकलस्वाराचेंही चरित्र वाचावें, असें आम्ही योजिलें. हा गृहस्थ कोणी संत नव्हता, व त्यास संत ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्याला जिंकणें फार साधलें, आणि त्या जिंकण्यापायींच ज्याला एके वर्षीं पैसे देऊन घरीं बसविण्यांत आलें, अशा एका मजुराची ही हकीकत आहे.

आधीं ज्या शर्यतीनें त्याचें नांव झालें ती काय आहे हें सांगितलें पाहिजे. इटली देशांत दरसाल मे महिन्यांत सायकलींची एक मोठी शर्यत सुरू होते. तिला तिकडे 'जीरो द इटालिया' असें म्हणतात. जीरो म्हणजे फेरी. मिलान शहरांतील 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त' ह्या गुलाबी कागदावर छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रानें आपला खप वाढविण्याकरितां ती इ. स. १९०९ मध्यें काढली. पहिल्या वर्षीं जिंकलेला लुईजी गान्ना हा वारेसेकडील एक गवंडी होता. शर्यत एका दिवसाची नसून सुमारें तीन आठवडे चालते. एका गांवाहून दुसऱ्या गांवापर्यंत एका दिवसांत जें अंतर कापावयाचें त्यास आपण टप्पा म्हणूं. आपले पूर्वज मजल दरमजल करीत जात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें प्रत्येक मुक्कामाच्या वेशीवर पहिला कोण आला हें पाहिलें जातें. जो पहिला आला त्यानें तो टप्पा जिंकला. संपूर्ण फेरी जिंकणारा मात्र निराळ्या रीतीनें ठरतो. सर्व टप्प्यांस लागलेल्या वेळेची बेरीज करावयाची, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजयी. त्यामुळें एकही टप्पा न जिंकतां फेरी जिंकतां येते, आणि पुष्कळ टप्पे जिंकूनही फेरी हातची जाऊं शकते. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल.

आल्फ्रेदो बिंदा ह्यांचा जन्म ता. ११ ऑगस्ट १९०२ रोजीं उत्तर इटलींतील लोंबार्दी प्रांतांत, चित्तील्यो ह्या गांवीं झाला. गांव डोंगराच्या कुशींत असून माज्जोरे नांवाचें मोठें सरोवर तेथून जवळ आहे. घरांत एकंदर १४ भावंडें. त्यांत आल्फ्रेदोचा क्रम दहावा. गांवच्या बँडांत तो ट्रंपेट वाजवी, आणि पुढें देशोदेशीं कीर्ति झाल्यावरही चित्तील्योचा कर्णेकरी हें त्याचें टोपण नांव सुटलें नाहीं. आमच्या भागांतील कुटुंबें ऊसतोडीसाठीं बिऱ्हाड पाठीवर घेऊन घाटाखालीं आणि घाटावर जातात, त्याप्रमाणें त्या काळीं इटलीच्या डोंगराळ मुलखांतील माणसें कामाच्या शोधांत फ्रान्सांत जात. आल्फ्रेदोही कुमारवयांत आपला भाऊ प्रीमो ह्याजबरोबर सरहद्द ओलांडून समुद्रकांठच्या नीस शहरीं एका नातलगाकडे गेला, व भिंतींना गिलावा करण्याचें काम शिकला. आठवडाभर चुना आणि थापी. सुटी मिळाली कीं सायकल. नीस शहराच्या पाठीशींच डोंगर उभे आहेत. तेथील चढ चढतां चढतां त्याच्या पायांत कांहीं विशेष आहे हें प्रथम सोबत्यांच्या, मग शर्यती भरविणाऱ्यांच्या ध्यानांत आलें. इ. स. १९२१ नंतरच्या दोन तीन वर्षांत दक्षिण फ्रान्सांतील शर्यतींत त्याचें नांव ऐकूं येऊं लागलें.

इ. स. १९२४ च्या शरद ऋतूंत तो लोंबार्दीची शर्यत धांवण्यास आपल्या मूळ प्रांतीं आला. ही शर्यत एका दिवसाची, पण कठीण. तिच्या वाटेवर कोमो सरोवराच्या वरच्या अंगास गिझाल्लो नांवाचा घाट लागतो. माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून ७५४ मीटर असून तेथें पवित्र मरियेचें एक जुनें, लहानसें प्रार्थनामंदिर आहे. त्या माथ्यावर जो सर्वांआधीं पोहोंचेल त्यास ५०० लिरांचें बक्षीस लावलेलें होतें. मुंबई–पुणें सायकल शर्यतींत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास घाटाचा राजा म्हणतात हें वाचकांस ठाऊक असेल. तोच हा प्रकार. संपूर्ण शर्यत आपण जिंकूं अशी बावीस वर्षांच्या त्या मजुराला मुळींच आशा नव्हती. तो आला होता तो त्या ५०० लिरांवर दृष्टि ठेवून. ते त्यानें मिळविले. मरियामातेच्या दारासमोरून तो सर्वांआधीं गेला. शर्यतींत तो चौथा आला. परंतु त्या घाटांत त्याला चढतांना पाहणाऱ्यांत लेन्यानो ह्या सायकल कारखान्याच्या संघाचे व्यवस्थापक एबेरार्दो पावेसी हे होते. त्यांनीं लगेच त्याला आपल्या संघांत घेतलें. थापी सुटली ती कायमचीच.

पुढील मे महिन्यांत बिंदा पहिल्यानेंच इटलीच्या फेरीस उतरले. त्या वेळीं कोस्तान्ते जिरार्देंगो हे इटलीच्या सायकलस्वारांचे मुकुटमणि होते. त्यांनीं इ. स. १९१९ व १९२३ ह्या दोन सालीं फेरी जिंकलेली असून लोकांची त्यांजवर विलक्षण माया होती. १९२५ च्या फेरींत जिरार्देंगोंनीं ६ टप्पे जिंकले, बिंदांनीं अवघा एक. परंतु वेळेची बेरीज केली तेव्हां बिंदा जवळजवळ पांच मिनिटांनीं पुढें निघाले. मघां सांगितलेल्या नियमाचें हें पहिलें उदाहरण. तेवीस वर्षेंही पुरीं न झालेल्या, फ्रान्साहून आलेल्या एका पोरानें आपल्या लाडक्या वीराला मागें टाकावें, हें पुष्कळांना रुचलें नाहीं. ह्या नावडीचा आरंभ येथें झाला असें आमचें मत आहे. आणि ती पुढें वाढतच गेली.

दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १९२६ सालीं, आरंभींच पडून बिंदांचा बराच वेळ गेला. फेरी आतां आपल्या हातीं येत नाहीं असें दिसतांच त्यांनीं आपल्याच संघांतील जोव्हान्नी ब्रुनेरो ह्यांस साहाय्य केलें. ब्रुनेरो जिंकले, बिंदा दुसरे आले. आणि वाटेंत ६ टप्पे मात्र बिंदांनीं स्वतःकडे ठेविले. त्याच वर्षाच्या लोंबार्दीच्या शर्यतींत तर त्यांनीं दुसऱ्या क्रमांकाच्या स्वारास सुमारें अर्धा तास मागें टाकिलें. एका दिवसाच्या शर्यतींत अर्धा तास म्हणजे काय हें ज्याला कळावयाचें असेल त्यानें वेशीवर उभें राहून पहिल्या स्वारानंतर तितका वेळ रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहावें.

आतां इ. स. १९२७ ची फेरी. हिचें वर्णन थोडें विस्तारानें करणें भाग आहे. एकंदर अंतर सुमारें ३,७५० किलोमीटर, आणि त्याचे टप्पे अवघे १५. म्हणजे एकेका टप्प्यास सरासरी अडीचशें किलोमीटर आले. आमच्या गांवाहून सायकलीवर निघावें आणि बीड, धाराशिव, तुळजापूर मागें टाकीत त्याच दिवशीं सोलापूर गांठावें, असा हा हिशेब. फक्त मध्यें डोंगर घालावयाचे. रस्ते बहुतेक मातीचे व खडीचे. पाऊस पडला कीं चिखल, न पडला कीं धुरळा. सायकलींस आजच्यासारखी वेग बदलण्याची कळ नव्हती. मागील चाकास दोन बाजूंना दोन लहानमोठीं दांतेरी चक्रें असत. चढ लागला कीं स्वारानें खालीं उतरावें, मागलें चाक सोडवावें, उलटें करून पुन्हां बसवावें आणि मग चढूं लागावें. माथ्यावर पोहोंचल्यावर पुन्हां तोच खटाटोप. पंक्चर झालें तर स्वतःच टायर बदलावयाचा. त्यासाठीं जादा टायर खांद्यांवरून आडवे गुंडाळून घेतलेले असत. आमच्या तरुण वाचकांनीं ह्या गोष्टी ध्यानांत घेऊन मगच पुढील आकडा वाचावा.

त्या १५ टप्प्यांपैकीं बिंदांनीं १२ टप्पे जिंकले. चढावर ते पुढें, सपाटीवर ते पुढें, आणि शेवटच्या शंभर हातांत दहा पांच जण एकदम धांवत सुटले तरी पुढचें चाक त्यांचेंच. पहिल्या दिवसापासून अखेरच्या दिवसापर्यंत फेरीचें अग्रस्थान त्यांजकडून हललें नाहीं. मिलानला ते परत आले तेव्हां दुसऱ्या क्रमांकाचे ब्रुनेरो त्यांच्या मागें २७ मिनिटांहून अधिक होते. एकाच फेरींत १२ टप्पे हा इटलींतील विक्रम आजतागायत कोणालाही मोडतां आलेला नाहीं. स्पेन देशाच्या फेरींत इ. स. १९७७ मध्यें फ्रेडी मार्टेन्स ह्या बेल्जियन स्वारानें १३ टप्पे जिंकले. फ्रान्सच्या फेरींत मात्र ८ च्या पलीकडे कोणीही गेलेलें नाहीं. बिंदांना पाहिलेल्या लोकांनीं त्यांच्या बसण्याच्या ढबीचें फार कौतुक केलें आहे. चढावर इतर स्वार खांदे हलवीत, हँडल ओढीत, तोंडें वेडींवांकडीं करीत. ह्यांची पाठ स्थिर, मान स्थिर, आणि पाय तेवढे घड्याळाच्या कांट्यासारखे फिरत असत. श्रम दिसत नसत. कदाचित् हेंही लोकांच्या नावडीचें एक कारण असावें. घाम गाळणाऱ्यावर प्रेक्षकांचें प्रेम लौकर बसतें. ज्याला सहज साधतें असें वाटतें त्याजवर बसत नाहीं.

त्याच सालीं जुलै महिन्यांत जर्मनींतील नुर्बुर्गरिंग येथें धंदेवाईक सायकलस्वारांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पहिले चारही इटालियन होते, आणि त्यांत बिंदा पहिले, जिरार्देंगो दुसरे. पुढें इ. स. १९३० मध्यें लीज येथें व १९३२ मध्यें रोम येथें त्यांनीं हा मान पुन्हां मिळविला.

१९२८ सालीं फेरी तिसऱ्यांदा त्यांची झाली, टप्पे ६. आणि १९२९ सालीं जें झालें तें अधिकच विचित्र. दुसऱ्या टप्प्यापासून नवव्या टप्प्यापर्यंत ओळीनें ८ टप्पे बिंदांनीं जिंकले, मध्यें एका दिवसाचाही खंड नाहीं. हाही विक्रम अद्याप अबाधित आहे. गंमत अशी कीं इतकें करूनही अखेरच्या बेरजेंत दोमेनिको पिएमोंतेसी हे त्यांच्या मागें चारच मिनिटांच्या आंत होते. कारण शेवटच्या उडींत एक चाक पुढें काढून टप्पा जिंकला तरी वेळेंत कांहीं मोठा लाभ होत नाहीं. परंतु वर्तमानपत्र वाचणारा मनुष्य मिनिटांचा हिशेब कोठें करीत बसतो? त्याला रोज सकाळीं तेंच नांव वाचावयास मिळे. सोमवारीं बिंदा, मंगळवारीं बिंदा, बुधवारींही बिंदा. लोकांनीं मग उद्यांचा अंक कशाला विकत घ्यावा? शर्यत मिलानला संपली तेव्हां विजेत्याच्या स्वागतास टाळ्यांबरोबर शिट्याही होत्या.

ज्या पत्रानें आपला खप वाढविण्यास ही शर्यत काढली होती, त्याच पत्राचा खप एका स्वाराच्या यशानें धोक्यांत आला. चालकांनीं यावर जो उपाय काढिला तो खेळांच्या इतिहासांत दुर्मिळ आहे. इ. स. १९३० च्या फेरींत बिंदांनीं भागच घेऊं नये, आणि त्याबद्दल जिंकणाऱ्याच्या बक्षिसाच्या तोडीची रक्कम, २२,५०० लिरा, त्यांनीं घ्यावी, असें ठरलें. बिंदांनीं ती घेतली.

ह्याविषयीं बरेंवाईट दोन्ही बोललें गेलें आहे. आम्हांस विचाराल तर चालकांचें कृत्य प्रामाणिक खेळास शोभणारें नव्हतें. ज्याचा दोष काय तर तो सर्वांहून चांगला आहे, त्यास दाराबाहेर बसवावयाचें, आणि उरलेल्यांत शर्यत लावून त्यास इटलीची फेरी म्हणावयाचें, हा प्रेक्षकांशींही खोटेपणाच झाला. बिंदांस मात्र आम्ही फारसा दोष देऊं इच्छीत नाहीं. १४ भावंडांच्या घरांत दहाव्या क्रमानें जन्मलेल्या आणि रोजंदारीवर भिंती लिंपलेल्या माणसाला बावीस हजार लिरा पुढें आल्या असतां नको म्हणणें सोपें नसतें. शिवाय ज्यांच्यासाठीं शर्यत धांवावयाची तेच शिट्या वाजवूं लागल्यावर एक वर्ष स्वस्थ बसावें असें त्यांस वाटलें असल्यास त्यांत नवल तें काय? तरीही ही रक्कम त्यांच्या नांवाला जन्मभर चिकटली. पुढें त्यांचें चरित्र ज्यानें ज्यानें लिहिलें त्यानें त्यानें ती सांगितली, आणि आम्हींही ती आतां सांगितलीच आहे. फेरी त्या वर्षीं लुईजी मार्किझिओ ह्या एकवीस वर्षांच्या स्वारानें जिंकली. तोही लेन्यानो संघाचाच होता.

घरीं बसण्याऐवजीं बिंदा त्या उन्हाळ्यांत फ्रान्सच्या फेरीस गेले. तेथें आरंभीं नशिबानें साथ दिली नाहीं. सातव्या टप्प्यांत पडून त्यांचा तासभर वेळ गेला. दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं पिरेनीज पर्वताकडील टप्पा जिंकला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीं पर्वत ओलांडून आणखी एक. नंतर दहाव्या टप्प्यांत त्यांनीं शर्यत सोडली, व फ्रान्सच्या फेरीस ते स्वार म्हणून पुन्हां कधीं गेले नाहींत.

१९३१ पासून इटलीच्या फेरींत अग्रस्थानीं असणाऱ्यास त्या वृत्तपत्राच्या कागदासारखा गुलाबी सदरा देण्याची चाल पडली. त्या वर्षीं बिंदांनीं २ टप्पे जिंकले, पण पडल्यामुळें फेरी अर्ध्यावर टाकावी लागली. आतां ह्यांचें वय झालें, लेआर्को ग्वेर्रांसारख्या नव्या दमाच्या स्वारांपुढें ह्यांचा निभाव लागणार नाहीं, असें लोक बोलूं लागले. १९३३ मध्यें त्यांनीं ६ टप्पे व फेरी पुन्हां घेतली. ह्या वर्षीं दोन गोष्टी नव्या होत्या. बोलोन्या ते फेर्रारा हा टप्पा प्रत्येकानें एकट्यानें, घड्याळाविरुद्ध धांवण्याचा होता. आणि घाटांच्या माथ्यावर प्रथम पोहोंचणाऱ्यांस गुण देऊन घाटाच्या राजाचा निराळा मान ठेवला होता. दोन्ही बिंदांनींच मिळविले.

अशा रीतीनें १, ६, १२, ६, ८, २ आणि ६, मिळून टप्पे ४१ झाले, आणि फेऱ्या पांच. पांच फेऱ्यांची बरोबरी पुढें फाउस्तो कोप्पी ह्यांनीं १९५३ मध्यें व बेल्जियमच्या एडी मर्क्स ह्यांनीं १९७४ मध्यें केली. ४१ टप्प्यांची बरोबरी होण्यास मात्र सत्तर वर्षें लागलीं. इ. स. २००३ मध्यें मारियो चिपोल्लीनी ह्यांनीं तो आकडा गांठला आणि एकानें ओलांडला. चिपोल्लीनी हे केवळ शेवटच्या उडीचे स्वार होते. घाट लागले कीं मागें पडत, आणि संपूर्ण फेरी त्यांनीं कधींही जिंकली नाहीं. दोघांच्या आंकड्यांत फरक एकाचाच आहे, पण ते आंकडे एकाच तराजूंत घालणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. फ्रान्सच्या फेरींतही असेंच झालें. मर्क्स ह्यांचे ३४ टप्पे १९७५ पासून अढळ होते. ब्रिटिश स्वार मार्क कॅव्हेंडिश ह्यांनीं जुलै २०२४ मध्यें ३५ वा टप्पा जिंकून त्यांस मागें टाकिलें.

बिंदांची स्वारी इ. स. १९३६ मध्यें संपली. मिलान–सान रेमो ह्या शर्यतींत, जी त्यांनीं १९२९ व १९३१ सालीं जिंकली होती, ते पडले आणि मांडीचें हाड मोडलें. वय ३३ होतें.

येथेंच चरित्र थांबलें असतें तर आम्ही तें ह्या पानांवर आणलें नसतें. दुसरें महायुद्ध संपल्यावर इटलीचा राष्ट्रीय संघ फ्रान्सच्या फेरीस नेण्याचें काम बिंदांकडे आलें, आणि जो मनुष्य आपल्या वेळीं कोणाला कांहीं उरूं देत नसे, तो आतां दुसऱ्यांना जिंकविण्याच्या उद्योगास लागला. १९४८ सालीं त्यांनीं जीनो बार्ताली ह्यांस नेलें. बार्ताली हे कॅथॉलिक ॲक्शनचे निष्ठावान सभासद. युद्धकाळांत त्यांनीं सायकलीच्या नळींत खोटीं ओळखपत्रें लपवून पोहोंचविलीं व अनेक यहुदी जीव वांचविण्यास हातभार लावला, ही गोष्ट त्यांच्या मरणानंतर जगजाहीर झाली, व यरुशलेमच्या याद वाशेम संस्थेनें इ. स. २०१३ मध्यें त्यांचा गौरव केला. १९३८ सालीं फ्रान्सची फेरी जिंकलेले बार्ताली दहा वर्षांनंतर पुन्हां ती जिंकतील असें फारच थोड्यांना वाटत होतें. ता. १४ जुलैस, कान शहरीं विश्रांतीचा दिवस होता तेव्हां, ते लुईझों बोबे ह्यांच्या मागें २१ मिनिटांहून अधिक होते. त्याच दिवशीं रोममध्यें कम्युनिस्ट पुढारी पाल्मिरो तोल्यात्ती ह्यांजवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि सर्व इटलींत संप व दंगे उसळले. पंतप्रधान दे गास्पेरी ह्यांनीं त्या रात्रीं बार्ताली ह्यांस टेलिफोन केला. दुसऱ्या दिवसापासून बार्तालींनीं आल्प्सच्या घाटांत ओळीनें ३ टप्पे जिंकले, आणि शेवटीं एकंदर ७ टप्पे व फेरी घेऊन ते परतले. एका सायकलस्वारामुळें देशांतील यादवी टळली असें जें सांगतात तें आम्हांस अतिशयोक्तीचें वाटतें. तोल्यात्ती बरे झाले व त्यांनीं स्वतः आपल्या लोकांस शांत राहण्यास सांगितलें, हें अधिक महत्त्वाचें. परंतु त्या आठवड्यांत इटलीच्या लोकांना भांडणावांचून बोलण्यास कांहीं तरी मिळालें, इतकें खरें.

पुढील वर्ष ह्याहून कठीण होतें. १९४९ च्या संघांत बार्ताली आणि कोप्पी दोघेही होते. हे दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी, आणि अर्धी इटली एकाची तर अर्धी दुसऱ्याची. दोघांना एका संघांत नांदवावयाचें म्हणजे दोन सासवांच्या घरांत एक चूल पेटविण्यासारखें होतें. पांचव्या टप्प्यांत सां मालोच्या वाटेवर कोप्पी पडले, त्यांची सायकल निकामी झाली, आणि बिंदांची मोटार मागें बार्तालींपाशीं राहिलेली. हा मुद्दाम केलेला दगा आहे असें मनांत घेऊन कोप्पी रस्त्याच्या कडेस थांबले, व मी घरीं जातों असा हट्ट धरून बसले. बिंदा पोहोंचले, त्यांनीं समजूत घातली, आणि कोप्पी पुन्हां सायकलीवर बसले. फेरीच्या पुढाऱ्याच्या मागें ते तेव्हां अर्ध्या तासाहून अधिक होते. आल्प्समध्यें ता. १८ जुलैस बार्तालींचा ३५ वा वाढदिवस होता. त्या दिवशीं दोघे बरोबर ब्रियांसों येथें आले, व कोप्पींनीं पहिला क्रमांक वडीलधाऱ्यास दिला. दुसऱ्या दिवशीं बार्ताली वाटेंत पंक्चर होऊन पडले. आतां कोप्पींनीं थांबावें कीं पुढें जावें? त्या क्षणीं निर्णय बिंदांचा होता. त्यांनीं कोप्पींस पुढें जाण्यास मोकळीक दिली. पॅरिसला कोप्पी पहिले, बार्ताली दुसरे. एका वीराच्या चाहत्यांनीं बिंदांवर राग धरला असणार, दुसऱ्याच्यांनीं उपकार मानले असणार; ह्या दोहोंची त्यांस संवय होतीच.

१९५२ मध्यें कोप्पींनीं व १९६० मध्यें गास्तोने नेन्चिनी ह्यांनीं फ्रान्सची फेरी जिंकली, ती बिंदांच्याच देखरेखीखालीं.

ज्या गिझाल्लोच्या माथ्यावर पांचशें लिरांसाठीं ते प्रथम पोहोंचले होते, त्या माथ्याचेंही भाग्य ह्याच काळांत उजळलें. तेथील धर्मगुरु डॉन एर्मेलिंदो विगानो ह्यांनीं फार खटपट केली, आणि पोप बारावे पायस ह्यांनीं ता. १३ ऑक्टोबर १९४९ रोजीं गिझाल्लोची मरियामाता ही सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केली. त्या लहानशा प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर आज बार्ताली, कोप्पी, मर्क्स ह्यांच्या सायकली टांगलेल्या आहेत. १९९५ च्या फ्रान्सच्या फेरींत पडून मरण पावलेले तरुण इटालियन स्वार फाबियो कासार्तेल्ली ह्यांची वांकलेली सायकलही तेथें आहे. शर्यत माथ्यावरून जाऊं लागली कीं मंदिराची घंटा वाजवितात.

आल्फ्रेदो बिंदा ह्यांस ता. १९ जुलै १९८६ रोजीं चित्तील्यो येथेंच देवाज्ञा झाली. वय ८३ वर्षें. गांवानें त्यांच्या नांवाचें एक संग्रहालय ठेविलें आहे. त्यांच्या हयातींतच, इ. स. १९७४ पासून, त्यांच्या नांवाची एक शर्यत तेथें सुरू झाली, आणि ती स्त्रियांची आहे. दरसाल मार्च महिन्यांत देशोदेशींच्या मुली चित्तील्योच्या चढांवरून धांवतात, आणि त्या कर्णेकऱ्याच्या गांवच्या वेशीवर पहिली कोण येते हें पाहण्यास रस्त्याच्या दोहों बाजूंना माणसें उभीं असतात.